जुना ट्रान्स अजूनही का चढतो? चक्रं नाहीत, फिल्टर!

आमच्या वेंगुर्ल्या-शिरोड्याकडच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, की नव्वदीतला ट्रान्स, म्हणजे सिंथेसायझरवरचं ते नाचायचं म्युझिक, ४३२ हर्ट्झवर लावून ऐकला की चक्रं उघडतात, कारण म्हणे ती विश्वाची फ्रीक्वेन्सी आहे. अहो, हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद माणसाने ठरवलाय, विश्वाला त्याचं काय पडलंय? पण ३० वर्षांनीही ते म्युझिक अंगावर काटा आणतं हे खरंच आहे, आणि त्यामागचं कारण मला चक्रांपेक्षा कितीतरी भारी वाटतं.

रोलँड या इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या कंपनीने १९८१ मध्ये टीबी-३०३ नावाची छोटी पेटी काढली, गिटारवाल्यांना सरावाला बेसची, म्हणजे खालच्या सुरांची, साथ मिळावी म्हणून. कोणी विचारलं नाही, १९८४ मध्ये बंद. मग ती सेकंडहँड स्वस्तात मिळायला लागली आणि शिकागोतल्या पोरांनी तिची बटणं भलतीच पिळून बघितली, तिथून तो आवाज ट्रान्स जिथे वाढला त्या फ्रँकफर्टला गेला आणि आपल्या तेरेखोलच्या पलीकडे गोव्यात हणजुण्याच्या (अंजुना) किनाऱ्यावरही.

आता खरी गंमत. समजा या पेटीने ११० हर्ट्झचा सूर धरला. त्याची लाट करवतीच्या दातांच्या आकाराची ठेवली, की त्यात ११० सोबत २२०, ३३०, ४४० असे सगळे पटीतले सूर असतात, दुसरा निम्म्या ताकदीचा, तिसरा एक तृतीयांश, असं करत. पुढे बसलाय लो-पास फिल्टर, तो ठराविक सीमेच्या वरचे सूर दाबतो. सीमा ३०० हर्ट्झला असेल तर पहिले दोनच नीट ऐकू येतात, आवाज बंद दाराआडून आल्यासारखा. बटण हळूहळू फिरवलं की वरचे सूर एकेक करून आत येतात. त्यात रेझोनन्स वाढवला तर सीमेलगतचा सूर फुगतो, म्हणजे सीमा सरकेल तसा प्रत्येक सूर आपली पाळी आली की चमकून जातो, आणि पेटी 'वाँव' करून चक्क बोलायला लागते! कारण बोलताना आपण 'आ', 'ई' हे स्वर असेच काढतो. एकाच पट्टीत 'ऊ' धरा आणि श्वास न तोडता 'आ', मग 'ई' करून बघा. सूर तोच, बदलला फक्त तोंडाचा आकार, म्हणजे तुमचा फिल्टर. माणसाचा कान स्वर ओळखण्यात जन्मापासून तरबेज, त्यामुळे शब्द नसतानाही कोणीतरी काहीतरी सांगतंय असं वाटत राहतं.

आणि जुन्या ट्रान्समध्ये हे सगळं सावकाश चालायचं. डबलबारीत, म्हणजे भजनाच्या सामन्यात, बुवा गजर चढवत नेतात आणि आपण त्या शेवटच्या थापेसाठी जीव मुठीत धरून बसतो ना, तसंच. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की आवडतं वाद्यसंगीत ऐकताना मेंदूत डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन सुटतं, आणि फक्त तो क्षण आल्यावर नाही, तर त्याच्या आधी वाट बघतानाही, तेही मेंदूच्या वेगळ्या भागात. जुन्या ट्रान्सने ही वाट बघायला लावण्याची कला भरपूर वापरली. हणजुण्यात डीजे डॅट नावाच्या डिजिटल टेपवरून वाजवायचे, त्यात दोन ट्रॅकचा ताल जुळवायला वेग कमीजास्त करणं जमायचं नाही, म्हणून ट्रॅकच्या सुरुवातीला-शेवटी बिनतालाचे लांब तुकडे असायचे. आजचे बरेच ट्रॅक मिनिटभरात सगळं ओतून मोकळे होतात, मला तरी ते फिके वाटतात.

ऐकायचं असेल तर मोबाईलच्या स्पीकरवर नको, त्यातून ११० हर्ट्झचा पाया धड येतच नाही. हेडफोन लावा, ढोलाकडे दुर्लक्ष करा आणि बेसच्या एकाच सुरावर कान ठेवा, त्यातला ऊ कुठे संपतो आणि आ कुठे सुरू होतो ते पकडा.