‘असं करू नकोस’ म्हणण्याआधी

सात-आठ वर्षांचा मुलगा अचानक जोरजोरात डोळे मिचकवायला लागतो. घरच्यांना वाटतं, मोबाइल फार बघतो. डोळ्यांचे डॉक्टर ड्रॉप्स देतात. काही आठवड्यांनी डोळे शांत होतात, पण मान झटकणं सुरू होतं. मग घसा खाकरणं. त्यावर कफ सिरप, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, आजीने केलेली मीठ-मोहरीची दृष्ट. शाळेच्या डायरीत शेरा येतो, ‘वर्गात मुद्दाम आवाज काढतो.’ एवढं सगळं झाल्यावर कधीतरी मेंदूविकारतज्ज्ञांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे ‘टुरेट सिंड्रोम’ हे नाव पहिल्यांदा कानावर पडतं.

अशा अचानक, पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचालींना आणि आवाजांना टिक्स म्हणतात. अठरा वर्षांच्या आत त्या सुरू झाल्या, एकाहून अधिक हालचाली आणि निदान एक आवाज अशा दोन्ही प्रकारच्या टिक्स दिसल्या आणि सुरुवातीपासून वर्ष उलटून गेलं, तर ते टुरेट. रक्ताची तपासणी किंवा एमआरआय करून ते कळत नाही. डॉक्टर मुलाला बघून आणि घरच्यांशी बोलूनच निदान करतात. म्हणूनच टिक सुरू असताना मोबाइलवर काढलेला छोटा व्हिडिओ फार उपयोगी पडतो, कारण दवाखान्यात बसलेलं मूल नेमकं तेव्हाच शांत असतं. हजार शाळकरी मुलांमागे काही जणांना टुरेट असतं, मुलींपेक्षा मुलग्यांना तिप्पट-चौपट.

टुरेट म्हणजे तोंडातून शिव्या येण्याचा आजार, असा एक समज आहे. प्रत्यक्षात तसं दहातल्या एखाद-दुसऱ्याच व्यक्तीच्या बाबतीत होतं. या समजापायी बाकीच्यांचं निदान मात्र लांबतं. ‘आमचा मुलगा शिव्या कुठे देतो?’ म्हणून पालक निर्धास्त राहतात.

टिकच्या आधी काय होतं, हे मोठी मुलं आणि प्रौढ नीट सांगू शकतात. मानेत, खांद्यात किंवा घशात काहीतरी साठत जातं, टोचतं, ताणतं, आणि ती हालचाल केली की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं. शिंक येण्याआधी नाकात जे होतं, तसंच काहीसं. थोडा वेळ ती रोखता येते, पण त्यासाठी सगळं लक्ष तिथे लावावं लागतं. हालचाली निवडणाऱ्या आणि नको त्या अडवणाऱ्या मेंदूतल्या मंडलांचं, म्हणजे पेशींच्या साखळ्यांचं, काम इथे वेगळं चालतं. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. लाड, मोबाइल किंवा आईची नोकरी यांमुळे टुरेट होत नाही, हे मला ठासून सांगावंसं वाटतं, कारण दोष बहुतेक घरांत आईच्याच माथी मारला जातो.

हा दोष देण्याचा इतिहासही जुना आहे. पॅरिसच्या जॉर्ज जील द ला टुरेट या डॉक्टरांनी १८८५मध्ये नऊ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. पण पुढे कित्येक दशकं टिक्स म्हणजे मनात दाबलेल्या इच्छा किंवा चुकीचं संगोपन, असंच मानलं गेलं. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या आर्थर आणि इलेन शपीरो या दांपत्याने हॅलोपेरिडॉल या औषधाने टिक्स कमी होतात हे दाखवलं, आणि हा मेंदूचा विकार आहे ही बाजू बळकट झाली. १९७२मध्ये न्यूयॉर्कमध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांनीच पहिली संघटना उभी केली.

आज औषधं आहेत, पण ती सगळ्यांना लागत नाहीत. टिक्सनी दुखत असेल किंवा रोजचं जगणं अडत असेल, तर आधी वर्तनोपचाराचा विचार होतो. त्यात शिकवतात ते असं: मान झटकण्याची हुरहुर आली, की मुलाने हनुवटी किंचित खाली घ्यायची, मानेचे स्नायू हलकेच घट्ट धरायचे आणि ती लाट ओसरेपर्यंत तसंच राहायचं. घसा खाकरावासा वाटला, की नाकाने संथ श्वास. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९ ते १७ वयाच्या १२६ मुलांपैकी ज्यांना हा उपचार मिळाला, त्यांच्यातली निम्म्याहून अधिक मुलं दहा आठवड्यांत स्पष्टपणे सुधारली. नुसता आधार आणि माहिती मिळालेल्या गटात हे प्रमाण १८.५ टक्के होतं.

या उपचारात घरच्यांनाही काम असतं. टिक झाली की टोकायचं नाही, आणि कुशीत घेऊन अभ्यासातून सूटही द्यायची नाही. टिक्सचा नुसता विषय निघाला तरी त्या वाढतात, ताणाने वाढतात, आणि आवडीच्या कामात मूल गढून गेलं की अनेकदा विरतात. अमेरिकेच्या फुटबॉल संघाचा माजी गोलरक्षक टिम हॉवर्ड याला लहानपणापासून टुरेट आहे. २०१४च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध त्याने डझनाहून अधिक फटके अडवले. गोलपाशी खरी गडबड उडाली की टिक्स थांबतात, असं त्याने सांगितलं आहे. ‘खेळताना बरं येत नाही, अभ्यासालाच कसं येतं?’ हा आपल्याकडचा हमखास प्रश्न, त्याचं उत्तर इथे आहे.

अनेक मुलांना टिक्सपेक्षा सोबतच्या गोष्टी जास्त छळतात. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता), ओसीडी (नको ते विचार, त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करणं), चिंता. डॉक्टरांकडे गेल्यावर त्याही विचारून घ्याव्यात. टिक्सचा जोर साधारण दहा ते बारा या वयात सर्वाधिक असतो आणि पुढे पुष्कळांचा तो उतरतो. म्हणजे ऐन पाचवी-सहावीत, वर्गातली मुलं नक्कल करू लागतात त्याच वयात, त्रास शिगेला असतो.

अमेरिकेत १५ मे ते १५ जून हा टुरेट जागृतीचा महिना असतो. त्याच सुमारास आपल्या बहुतेक शाळा उघडतात. त्या पहिल्या आठवड्यातच पालकांनी वर्गशिक्षकांना भेटावं आणि निदानाचा कागद दाखवावा. दाराजवळची जागा मागावी, म्हणजे टिक्स वाढल्या तर न विचारता पाच मिनिटं बाहेर जाऊन येता येईल. घटक चाचणीला वेगळी खोली आणि थोडा जास्त वेळ मिळेल का, तेही विचारावं. मुलाची तयारी असेल तर बाईंनी वर्गाला एकदा सरळ सांगावं, ‘याच्या मेंदूकडून असे आवाज होतात, त्याला ते थांबवता येत नाहीत, आपण आपला धडा पुढे वाचू.’ आणि खरोखरच धडा पुढे वाचावा.