स्टोव्हचा पाइप भिंतीतून बाहेर काढताना

लाकडाचा स्टोव्ह विकत घेताना सगळे विचारतात, खोली किती तापेल? आम्ही आधी विचारतो, भिंत कशाची आहे?

एका घरी आम्हाला जुना पाइप बदलायला बोलावलं होतं. स्टोव्ह कित्येक हिवाळे बिनतक्रार चालला होता. साधा काळा पाइप भिंतीतून थेट आरपार नेलेला, कडेने सिमेंट लिंपलेलं. आतली फळी काढली तर पाइपजवळच्या वाशाचा कोळसा झाला होता. नखाने टोकरलं की भुगा पडायचा. जाळ कधीच लागला नव्हता. लाकूड वर्षानुवर्षं तापत राहिलं की आतून करपत जातं आणि मग पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेट घेऊ शकतं. त्यामुळे ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ एवढ्यावर आम्ही कुठलीच जोडणी पास करत नाही.

भिंतीत काय बसतं

स्टोव्हपासून निघणारा एकेरी पत्र्याचा पाइप खोलीतच संपला पाहिजे. लाकूड, प्लायवूड, पडदे अशा जळणाऱ्या वस्तूंपासून तो साधारण १८ इंच लांब हवा. भिंतीतून जातो तो दुहेरी पत्र्याचा, मध्ये इन्सुलेशन भरलेला चिमणीचा पाइप, आणि तोही थिंबलमधून. थिंबल म्हणजे भिंतीच्या भोकात बसणारी धातूची बाही. पाइप आणि लाकूड यांच्यातलं अंतर ती कायम राखते. अशा पाइपाला बहुधा सगळीकडून २ इंच मोकळी जागा लागते. नेमका आकडा पाइपाच्या कंपनीच्या पुस्तिकेत असतो आणि तोच पाळायचा. एका कंपनीचा पाइप आणि दुसऱ्या कंपनीचं थिंबल अशी जुळवाजुळव आम्ही करत नाही.

ही मोकळी जागा पाहून अनेकांना वाटतं, इथून थंडी आत येईल. मग कुणी फोम मारतं, कुणी ग्लासवूल कोंबतं. कृपा करून असं करू नका. ती जागा रिकामी असते म्हणूनच उष्णता निघून जाते. ती भरली की कोंडलेली उष्णता लाकडात जाते. पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरच्या झाकणपट्टीची कड सील करतात, तेवढं पुरे.

ढाळ, सांधे, उंची

आडव्या पाइपाला भिंतीकडे चढता ढाळ हवा, दर फुटाला पाव इंच. आडवा भाग जितका आखूड तितकी धुराची ओढ चांगली. एकेरी पाइपाचं चुणीदार तोंड नेहमी स्टोव्हच्या बाजूला ठेवायचं, म्हणजे आत साचलेला डांबरासारखा रस सांध्यातून बाहेर न गळता स्टोव्हमध्येच परत जातो. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू. पाइपाचा व्यास वाटेत कुठेही कमी करायचा नाही.

भिंतीबाहेर टी, म्हणजे इंग्रजी T आकाराचा जोड, बसते. तिच्या खालचं झाकण काढून काजळी साफ करता येते. तिथून चिमणी वर जाते, आधारपट्ट्यांनी भिंतीला धरलेली. छतातून जिथे ती बाहेर पडते तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत असलेल्या घराच्या कुठल्याही भागापेक्षा २ फूट उंच.

बाहेरची चिमणी थंड राहते, त्यामुळे तिच्यात काजळी लवकर धरते. ओलं लाकूड जाळलं तर आणखीच लवकर. ओलावा २० टक्क्यांच्या खाली असलेलं, वाळलेलं लाकूडच वापरा, आणि वर्षातून निदान एकदा चिमणी झाडून घ्या. हा थर पेटला तर चिमणीतलं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असलाच पाहिजे.

भिंतीला भोक पाडण्याआधी आम्हाला दोन फोटो पाठवा, एक आतून आणि एक बाहेरून. त्या भागातून विजेची वायर किंवा नळ जात असेल तर तेही कळवा. स्थानिक परवानगी लागत असेल तर ती हाती आल्यावरच आम्ही कामाला हात लावतो.