कॅनिस्टरमध्ये काय भरायचं आणि काय घासायचं नाही
(कॅनिस्टर फिल्टर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडून कॅनिस्टर, म्हणजे माशांच्या टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, नेला की दोन फोन ठरलेले असतात. पहिला आठवड्याभरात येतो: "सिरॅमिक रिंग कोणती टाकू? महागातली घेतली तर फरक पडेल का?" दुसरा चार-पाच महिन्यांनी: "परवाच सगळा फिल्टर स्वच्छ धुतला, तरी मासे वर येऊन तोंड मारताहेत. पंप गेला बहुतेक." पंप गेलेला नसतो. आम्ही तो काउंटरवर बादलीत लावून तासभर चालवतो, इम्पेलर (पंपातलं फिरणारं पातं) काढून बघतो, सगळं ठणठणीत असतं. या धावपळीत घरी आणखी दोन मासे दगावतात. म्हणून आधी धुण्याबद्दल सांगतो, भरण्याबद्दल मग.

गेल्या उन्हाळ्यात एक ताई चार फुटी टाकीचा कॅनिस्टर रिक्षात घालून घेऊन आल्या. आठ गोल्डफिशपैकी पाच गेले होते. झाकण उघडलं तर रिंग आज पाकिटातून काढल्यासारख्या पांढऱ्याशुभ्र. "दादा, एकेक रिंग नळाखाली ब्रशने घासलीय," त्या म्हणाल्या. दोन तासांची मेहनत होती ती, आणि नेमका त्यानेच घात झाला होता. रिंगवर जो तपकिरी, बुळबुळीत थर बसतो, तोच तुमचा फिल्टर. आतली रिंग म्हणजे फक्त त्याला बसायला दिलेली जागा.

माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया उतरतो. त्या थरातले जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी. नायट्रेट त्यामानाने सौम्य, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जीवाणू नव्या टाकीत नीट बसायला चार ते सहा आठवडे घेतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जीवाणू मारण्यासाठीच असतं, ते इथेही आपलं काम करतं. उन्हाळ्यात फटका जास्त बसतो, कारण पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि अमोनियाचा विषारीपणा वाढतो. बोअरच्या पाण्याचा पीएच चढा असेल तर आणखी.

तेव्हा धुण्याची आमची पद्धत अशी. पाणी बदलायच्या दिवशी टाकीतलंच पाणी बादलीत काढा. स्पंज त्यात दाबून-दाबून पिळा. रिंग असलेली जाळीची पिशवी त्याच पाण्यात दोन-तीनदा बुचकळा, बस्स. तीही फिल्टरची धार कमी झाली तरच, आणि एका वेळी निम्म्याच रिंग, उरलेल्या महिन्याभराने. साबण नाही, गरम पाणी नाही, उन्हात वाळवणं नाही. निरोगी मीडियाला, म्हणजे आत भरलेल्या रिंग-स्पंजला, ओल्या मातीचा वास येतो. तो येत असेल तर रंगाकडे बघू नका.

आता भरण्याचं. पाणी ज्या क्रमाने ट्रेमधून जातं तो क्रम धरा. बहुतेक कॅनिस्टरमध्ये ते तळाला उतरून वर चढतं, म्हणून सर्वात खालच्या ट्रेमध्ये जाड भोकांचा स्पंज, त्यावर बारीक स्पंज, मग रिंग, आणि अगदी वर, पंपाच्या आधी, पांढऱ्या वूलचा (कापसासारख्या गाळणीचा) पातळ थर. वूल खाली घातली तर चार दिवसांत गच्च होते आणि धार मंदावते. वूल धुऊन वापरायची वस्तू नाही, ती टाकून द्यायची. आम्ही ती मोठ्या गुंडाळीतून मापाने कापून देतो, ट्रेच्या आकाराच्या तयार चकत्यांपेक्षा बरीच स्वस्त पडते.

निम्म्याहून जास्त जागा रिंगला द्या. महाग रिंग आणि साधी रिंग यांत फरक आहे, नाही असं नाही. महागड्या मीडियात बारीक छिद्रं जास्त असतात. पण पाणी रिंगपर्यंत पोचण्याआधी स्पंज नसेल तर ती छिद्रं गाळाने बुजतात आणि दोन्ही सारख्याच होतात. म्हणून तेवढे पैसे आधी टाकीतल्या पाइपच्या तोंडाला लावायच्या स्पंजवर घाला. तो दर आठवड्याला हाताने काढून पिळता येतो आणि कॅनिस्टर उघडायची वेळ महिनोन्‌महिने येत नाही. आमच्याकडे तो तीन मापांत असतो, पाइपची जाडी मोजून या. रिंग दरवर्षी बदलायची गरज नाही. भुगा होईपर्यंत चालते. ग्राहक मागूनही आम्ही पूर्ण संच एकदम बदलून देत नाही, त्यावरून काहींची नाराजी ओढवली आहे. पण नवा संच म्हणजे पुन्हा सहा आठवड्यांची सुरुवात, आणि तीही भरल्या टाकीत.

बायोबॉल (प्लास्टिकचे जाळीदार गोळे) कॅनिस्टरमध्ये घालू नका. ज्या फिल्टरमध्ये पाणी वरून ठिबकत हवेतून खाली येतं, त्यांच्यासाठी ते आहेत. बुडालेल्या डब्यात नुसती जागा अडवतात.

कार्बन आम्ही प्रत्येक फिल्टरबरोबर देत नाही, त्याबद्दलही विचारणा होते. नवीन लाकडाने पाणी पिवळं झालं असेल, वास येत असेल किंवा औषधाचा कोर्स संपवून पाणी साफ करायचं असेल, तेव्हा कार्बन उत्तम. महिन्याभरात त्याची ताकद संपते. आणि औषध चालू असताना तो आत राहिला तर औषधच शोषून घेतो, मग तुम्ही म्हणता औषध नकली होतं.

झिओलाइटचं (हे एक खनिज, खड्यांच्या रूपात मिळतं) मात्र नीट ऐका. ते गोड्या पाण्यातला अमोनिया पकडतं हे खरं, पण मीठ घातलं की पकडलेला अमोनिया परत सोडतं. गोल्डफिश किंवा फ्लॉवरहॉर्न जरा सुस्त दिसला की आपल्याकडे खडेमीठ टाकायची सवय आहे. आत झिओलाइट असेल तर आधी ते काढा, मग मीठ.

कोरलचे तुकडे पाण्याचा जडपणा वाढवतात. आफ्रिकन सिक्लिड मासे असतील तर चांगले, नाहीतर नको, बोअरच्या पाण्याला तर नकोच.

वीज दोन-तीन तासांहून जास्त गेली तर बंद डब्यातला प्राणवायू संपून जीवाणू मरू लागतात. ट्रे काढून रिंग टाकीच्याच पाण्यात उघड्या ठेवा. ते जमलं नाही तर वीज आल्यावर डब्यातलं शिळं पाणी आधी ओतून द्या, मगच पंप चालू करा.

नवीन कॅनिस्टर घेणाऱ्याला आम्ही चालू फिल्टरमधला एक मुरलेला स्पंज सोबत देतो, त्याचे पैसे घेत नाही. हे स्पंज विक्रीचे मासे येत-जात नाहीत अशा वेगळ्या टाकीत तयार होतात, म्हणजे रोग घरी जात नाही. तो ओलाच न्या आणि त्याच दिवशी बसवा.

फिल्टर खराब वाटला तर तो उचलून आणण्याआधी धुतलेल्या बाटलीत टाकीचं पाणी घेऊन या. अमोनिया आणि नायट्राइटची तपासणी दहा मिनिटांत होते, मोफत. सोबत उघड्या ट्रेचा फोटो आणि टाकीची लांबी-रुंदी-उंची लिहून आणा. रविवारी दुकानात गर्दी असते. मधल्या वारी संध्याकाळी आलात तर निवांत बोलता येईल.