बोटीच्या ट्रेलरचे टायर उभ्या उभ्याच म्हातारे होतात

टायर बदलायला झाला का, हे पाहताना बहुतेक जण आधी त्याची नक्षी पाहतात. बोटीच्या ट्रेलरला हा हिशोब लागू पडत नाही. त्याचा टायर झिजून संपतो तो क्वचितच. वर्षातले कितीतरी महिने तो एकाच जागी, उन्हात, बोटीचे वजन पेलत उभा असतो. रबरात ओझोनपासून बचाव करणारी मेणे आणि रसायने मिसळलेली असतात. चाक फिरताना रबर दबते, सुटते आणि त्या हालचालीने ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या टायरला ही सोय नसते. ओझोन रबराचे लांबलचक रेणू तोडत जातो, बाजूवर बारीक भेगा पडतात, आणि नक्षी मात्र नवीकोरी दिसते.

म्हणून नवा टायर घेतानाही आधी जन्मतारीख वाचा. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे २३२४ असतील, तर तो २०२४च्या २३व्या आठवड्यात बनला. एका बाजूला हे आकडे दिसले नाहीत, तर टायर उलटा करून पाहा. वर्षानुवर्षे गोदामात पडलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग भार. बोट, इंजिन, इंधन, सामान आणि खुद्द ट्रेलर मिळून १,२०० किलो भरले आणि चाके दोनच असली, तर एकेका चाकावर साधारण ६०० किलो येतात. टायर किती वजन पेलतो हे त्याच्यावर छापलेल्या भारांकावरून कळते. भारांक ९१चा टायर ६१५ किलो पेलतो. कागदावर पुरतो, पण बोट दोन्ही चाकांवर अगदी सारखी कधी बसते? भारांक ९८ म्हणजे ७५० किलो, तो घ्यावा. तेही हवा पूर्ण भरलेली असेल तरच. हवा कमी असली की बाजू जास्त वाकते, त्या वाकण्यातली ऊर्जा उष्णता होऊन रबरातच साठते आणि टायर भर रस्त्यात फुटतो. खास ट्रेलरसाठीच्या टायरांच्या बाजू कडक असतात. त्यामुळे ट्रेलर कमी डोलतो.

नवी रिम घ्यायची, तर तिच्या बोल्टांच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास जुन्या रिमशी जुळायला हवा. पाच बोल्टांच्या रिमवर तो थेट मोजता येत नाही, कारण समोरासमोर भोकेच नसतात. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर मोजून ०.५८८ने भागा. ६७.२ मिलिमीटर आले, तर वर्तुळ ११४.३ मिलिमीटरचे.

खाऱ्या पाण्यात बोट उतरवणार असाल, तर जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी रिम घ्या. ओरखडा पडला तरी आजूबाजूचे जस्त आधी गंजते आणि पोलाद वाचते. रंगाला हे जमत नाही. ॲल्युमिनियम हलके, देखणे. पण खाऱ्या पाण्यात पोलादी नटांच्या सान्निध्यात तेच आधी खाल्ले जाते.

चाक निघालेच आहे, तर बेअरिंगचे ग्रीसही पाहा. तापलेला हब, म्हणजे बेअरिंग ज्यात बसते तो चाकाचा मधला भाग, थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. ग्रीस दुधाळ दिसले, तर पाणी शिरले आहे. नवे चाक चढवल्यावर पहिल्या शंभरेक किलोमीटरच्या आत नट पुन्हा आवळा.