गोदावरीतले जलचर आणि बाभळीचे दरवाजे : पार्श्वभूमी

मराठवाड्यात गोदावरी टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, मोजली जाते. त्या पाण्यात काय जगते याचा अभ्यास उशिरा सुरू झाला, आणि तोही धरणांच्या मागोमाग.

दख्खनच्या माशांची पहिली शास्त्रीय वर्णने १८३० च्या दशकात एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने केली. त्याचे काम इंग्रजी अमलाखालच्या मुलखातले. मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता. १९५८ मध्ये औरंगाबादेत विद्यापीठ आले आणि पुढे प्राणिशास्त्राचे प्रबंध निघू लागले. पाण्याचा सामू (पीएच), विद्राव्य ऑक्सिजन, प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, शेवटी माशांची यादी. काम कष्टाचे, पण बहुधा एखाद्या तलावापुरते आणि एक-दोन वर्षांचे. मरळ, वाम, शिवडा यांची नावे त्यात भेटतात. पुरात हे मासे कुठून कुठे जातात, ते मात्र क्वचितच.

पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ ची, लोकार्पण १९७६ चे. १९८६ मध्ये त्याचा जलाशय, नाथसागर, पक्षी अभयारण्य झाला, त्यामुळे पक्ष्यांना निदान कागदावर संरक्षण मिळाले. माशांच्या बाबतीत धोरण उत्पादनाचे राहिले: राहू, मृगळ यांचे बीज सोडायचे आणि मासेमारीचा ठेका द्यायचा. १९५२ मध्ये देशात आणलेला तिलापियाही इथे स्थिरावला.

पैठणच्या खाली आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुदगल, दिग्रस असे बंधारे होत गेले आणि वाहती नदी तलावांची माळ झाली. या माळेतला राज्याच्या हद्दीजवळचा बंधारा म्हणजे धर्माबाद तालुक्यातला बाभळी, २.७४ टीएमसीचा. ऑक्टोबर १९७५ च्या आंतरराज्य करारात पैठणच्या आणि पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या खाली, हद्दीपलीकडच्या पोचमपाड (श्रीराम सागर) धरणापर्यंत नव्या कामांसाठी महाराष्ट्राला ६० टीएमसी मिळाले होते. शेजारच्या, तेव्हाच्या आंध्र प्रदेशाचे म्हणणे असे की बाभळी पोचमपाडच्या फुगवट्यात, म्हणजे त्या धरणामागे साचणाऱ्या पाण्यात, येतो, म्हणजे तिथे अडवलेले पाणी त्यांचेच. २००६ मध्ये त्या राज्याने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २००७ च्या अंतरिम आदेशाने बांधकामाला मुभा दिली, दरवाजे बसवायला मनाई केली. दरवाजांशिवायचा बंधारा नांदेडकरांनी काही वर्षे पाहिला!

२८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने बंधारा वाचला, पण अटींवर: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचे. पावसाळाभर उघडा राहणारा बंधारा कशाला, ही तक्रार आजही ऐकू येते आणि ती पोकळ नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस नदीचा ओघ ओसरलेला असतो. मग अडवायचे काय?

जलचरांच्या बाजूने पाहिले तर मात्र याच अटीमुळे चढणीच्या माशाला वर जायची वाट राहते. ती हिशेबात धरून दिलेली नाही, दोन राज्यांच्या वाटणीतून अपघाताने निघाली आहे. शिवाय ती अपुरी आहे. मृगात लवकर पूर आला तर दरवाजे बंदच असतात, आणि वरच्या बंधाऱ्यांना या तारखा लागू नाहीत. निकालानंतर मासे खरोखर वर सरकले का, हे मोजण्याची ही आयती संधी होती. वाद पाण्यावर चालू राहिला.

निकालाच्या आगेमागच्या घडामोडींनी हा विषय मागेच टाकला. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळात नाथसागर मृतसाठ्यात, म्हणजे दरवाजातून सोडता न येणाऱ्या तळच्या पाण्यावर, गेला. शहरांसाठी तो शेवटचा पुरवठा, आणि माशांसाठी शेवटचा आसरा. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा माशांचे कोण विचारणार? नदीपात्रातला वाळूउपसा आणि नांदेडचे सांडपाणी यांचा त्रास तर चांगल्या पावसाच्या वर्षीही चुकत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात गोड्या पाण्यातले मासे, चतुर-टाचण्या, खेकडे-झिंगे अशा २३,४९६ प्रजाती तपासल्या गेल्या. सुमारे २४ टक्के धोक्यात निघाल्या. कारणे प्रदूषण, धरणे, पाण्याचा उपसा, शेती, परके जीव. संकटग्रस्त प्रजाती दाटीने आढळणाऱ्या प्रदेशांत सह्याद्री आहे, त्यामुळे अभ्यासकांचा ओढा तिकडे. मराठवाड्याच्या पठारावरच्या नद्यांना संशोधनात अजून धरणाच्या आकड्यांमागेच उभे राहावे लागते.