कव्हर आवृत्ती (बेळगाव सीमाभाग)

आधी कुणीतरी गाऊन ध्वनिमुद्रित केलेले गीत दुसऱ्याने आपल्या गळ्याने, आपल्या वाद्यमेळासह पुन्हा सादर केले की त्याला कव्हर आवृत्ती किंवा नुसते कव्हर म्हणतात. शब्द तेच राहतात, चालही बहुतांशी तीच. बदलतात ते पट्टी, लय, ठेका, वाद्ये आणि गाण्याचा एकूण स्वभाव. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी बोलण्यात यासाठी 'व्हर्जन' आणि 'डुप्लिकेट' हे शब्द येतात. 'डुप्लिकेट' ही नेहमी निंदाच असते असे नाही. गणपतीतल्या ऑर्केस्ट्राचा गायक मूळ गळ्याच्या अगदी जवळ गेला, तर 'डिट्टो म्हटलाय बघ की!' ही दादच असते.

कव्हर आणि उचललेली चाल यांत फरक आहे. १९६५ च्या 'जानवर' या हिंदी चित्रपटातले 'देखो अब तो' हे गाणे बीटल्सच्या 'आय वाँट टू होल्ड युअर हँड'वरून बेतलेले आहे. पण शब्द नवे, म्हणून ते कव्हर नव्हे. सिनेमाच्या चालीवर अभंग बसवणारे भजनी मंडळही कव्हर करत नाही. ते फक्त चाल उसनी घेते. ही सरमिसळ सुरुवातीलाच दूर केलेली बरी, कारण आवृत्त्यांवरचे निम्मे वाद तिच्यातूनच निघतात.

तुलनेचा नमुना : 'हाउस ऑफ द रायझिंग सन'

साठच्या दशकात गाजलेले हे इंग्रजी गाणे तुलनेसाठी फार सोयीचे आहे. गिटार शिकणाऱ्याच्या हाती ते लवकर येते, आणि 'मूळ कुठले?' या प्रश्नाची ते चांगलीच फजिती करते. बहुतेकांच्या कानात बसलेली आवृत्ती इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या 'द अ‍ॅनिमल्स' या गटाची. मे १९६४ मध्ये त्यांनी ती एकाच टेकमध्ये मुद्रित केली. त्याच वर्षी ती आधी ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली. त्या काळी एकेरी तबकडी (सिंगल) तीन मिनिटांच्या आत आटोपत असे. ही जवळजवळ साडेचार मिनिटांची होती. हिल्टन व्हॅलेंटाइनची सुट्या सुरांनी उलगडणारी गिटार, अ‍ॅलन प्राइसचा ऑर्गन आणि एरिक बर्डनचा खरबरीत, पोटातून येणारा आवाज या तिघांनी ती तोलून धरली आहे.

पण हे मूळ गाणे नव्हेच. अडीच वर्षे आधी, नोव्हेंबर १९६१ मध्ये, बॉब डिलनने ते आपल्या पहिल्या तबकडीसाठी गायले होते. त्याने मांडणी घेतली होती डेव्ह व्हॅन राँक या लोकगायकाकडून, आणि तीही न विचारता. व्हॅन राँक ते गाऊ लागला की लोक म्हणत, डिलनचे उचललेस. पुढे अ‍ॅनिमल्सचे गाणे गाजले आणि तीच पाळी डिलनवर आली. त्याआधी जोन बाएझ (१९६०), लेड बेली, वुडी गथ्री हे सगळे लोकगायक ते गाऊन मोकळे झाले होते. १९३७ मध्ये लोकगीत-संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी केंटकी राज्यात जॉर्जिया टर्नर या सोळा वर्षांच्या मुलीकडून ते ध्वनिमुद्रित केले. आणि १९३३ मध्ये क्लॅरेन्स अ‍ॅशली व ग्वेन फॉस्टर यांनी ते मुद्रित केलेच होते. त्याच्याही मागे गेले की कर्ता सापडत नाही. जात्यावरच्या ओवीची पहिली गाणारीण शोधण्यासारखाच तो प्रकार.

शब्द. टर्नरच्या तोंडी हे एका वाया गेलेल्या मुलीचे गाऱ्हाणे आहे, आणि डिलननेही ते मुलीच्याच तोंडी ठेवले. अ‍ॅनिमल्सनी मुलीचा मुलगा केला. त्यामुळे 'ते घर' नेमके कसले, कुंटणखाना की जुगाराचा अड्डा, हा अर्थही सरकला. जॉनी हॅलिडेच्या १९६४ च्याच फ्रेंच आवृत्तीत तर ते थेट तुरुंग झाले. एका शब्दाच्या लिंगबदलाने गाण्याचा कर्ता-भोक्ता बदलतो, हे लावणी ऐकलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

ठेका. चाल सहाच्या चक्रात फिरते, म्हणून तबलजी लगेच दादरा धरतो. मात्रा जुळतात, पण वजन जुळत नाही. दादऱ्यात चौथ्या मात्रेवर 'खाली' (बिनवजनाची मात्रा) असते, आणि सहाच्या चक्रातल्या रॉक वादनात ड्रमचा मोठा ठोका बहुधा नेमका तिथेच पडतो. खाली रिकामी सोडली तर गाणे हलके होते, ठुमरीकडे झुकते. ठोका दिला तर ओझे वाहिल्यासारखे पुढे सरकते. साँता एस्मेराल्डा या डिस्को गटाने १९७७ मध्ये हेच गाणे चारच्या डिस्को ठेक्यात घातले. नाचायला उत्तम, गाऱ्हाणे मात्र त्यातून निघून गेले. अमेरिकी गायिका नीना सिमोनने ते दोनदा केले, साठच्या सुरुवातीला ठाय आणि १९६७ मध्ये भरधाव. एकच गळा, एकच चाल. लय वाढताच विलाप जाऊन तिथे चीड येते. तुलनेची सुरुवात खरे तर या दोहोंपासून करावी.

स्वर. इथे पेटीवाल्याची अडचण होते. अ‍ॅनिमल्सच्या मांडणीतल्या पहिल्या सुरावटीचा (कॉर्डचा) मूळ सूर षड्ज मानला, तर गिटारच्या सुरावटींत आधी शुद्ध धैवत येतो आणि लगेच पुढच्या सुरावटीत कोमल. निषादही आधी कोमल आणि ओळीच्या टोकाला शुद्ध. गाण्यातली अस्वस्थता या दोन धैवतांच्या शेजारपणात आहे. गळ्याची चाल मात्र त्यांना फारशी शिवत नाही. त्यामुळे पेटीवर किंवा बेंजोवर नुसती चाल वाजवली की स्वर बरोबर असूनही गाणे पोकळ वाटते, आणि ऐकणारा म्हणतो, 'कायतरी राहिलंय.' राहिलेले ते हेच. अ‍ॅशली आणि टर्नर यांच्या जुन्या गायनात ही उदास कोमल छाया नाही. कोमल गंधाराची चाल पुढच्या मांडण्यांतून रुळली. म्हणजे आज जे 'ओरिजिनल'चे लक्षण मानले जाते, तीच नंतरची भर आहे.

सीमाभागातला कान

या भागातल्या श्रोत्याला एकच रचना दोन वळणांनी ऐकायची सवय आहे. पुरंदरदासांचे 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा' कर्नाटक पद्धतीने मध्यमावती किंवा श्री रागात ऐकू येते, आणि भीमसेन जोशी यांच्या गळ्यातून हिंदुस्थानी वळणाने. दोन्ही ऐकलेला माणूस त्यांतले खोटे कुठले असे विचारत बसत नाही. रेडिओनेही हा कान घडवला. धारवाड आकाशवाणी १९५० पासून आणि सांगली आकाशवाणी १९६३ पासून, अशी एका बाजूला कन्नड व दुसऱ्या बाजूला मराठी केंद्रे आहेत. इंग्रजी गाण्यांना बेळगावात कॅम्पाची लष्करी वस्ती आणि गोव्याची जवळीक यांचा आधार मिळाला.

याच जिल्ह्यातल्या सुळेभावी येथे १९२४ मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी मोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गात; त्यांची पहिली कीर्ती त्या नकलेचीच. पुढे त्यांनी बालगंधर्वांची पदे गायली ती 'मला उमजलेले बालगंधर्व' या नावाने. कव्हर म्हणजे काय, हे या तीन शब्दांइतके नेमके कुठल्याही व्याख्येत आलेले नाही. लहानपणीचे गाणे तबकडीशी ताडून पाहता येते. नंतरचे ताडायला गेले तर पदरी फक्त फरकांची यादी पडते. ते ऐकताना कुमारांना पदात काय दिसले तेच विचारावे लागते. अ‍ॅनिमल्सची आवृत्ती या दुसऱ्या जातीची. ऑर्केस्ट्राचे 'डिट्टो' पहिल्या जातीचे, आणि तेही कष्टाचे काम आहे. जागा, हरकती, मधले म्युझिक पीस सगळे जसेच्या तसे उतरवायचे असतात.

कायद्याची बाजू

भारतात ध्वनिमुद्रित कव्हरला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा आधार आहे. १९८० च्या दशकातल्या कॅसेटच्या लाटेत जुन्या हिंदी गाण्यांची स्वस्त 'व्हर्जन' याच कायद्यातल्या सवलतीवर निघाली. २०१२ च्या दुरुस्तीने ती सवलत काढून कलम ३१-सी आणले. त्यानुसार मूळ मुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षे जावी लागतात. दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. वेष्टनावर हे कव्हर असल्याचे लिहावे लागते. आणि हक्कधारकाच्या संमतीने आधी झालेला किंवा तांत्रिकदृष्ट्या आवश्यक बदल सोडून दुसरा कोणताही बदल करता येत नाही. ही शेवटची अट विचित्रच म्हणावी लागेल, कारण वर तुलनेस घेतलेल्या आवृत्त्या ऐकाव्याशा वाटतात त्या बदलांमुळेच. 'हाउस ऑफ द रायझिंग सन'ला अशी अडचण नाही; ते पारंपरिक गीत असल्याने त्यावर कुणाची मालकी नाही. मांडणीचे मात्र तसे नसते. अ‍ॅनिमल्सच्या तबकडीवर मांडणीकार म्हणून एकट्या अ‍ॅलन प्राइसचे नाव छापले गेले, रॉयल्टीही त्यालाच मिळत राहिली, आणि गिटारवरची ती सुरुवात ज्याच्या बोटांतून आली त्या व्हॅलेंटाइनच्या वाट्याला त्यातले काही आले नाही.