चुनाभट्टी आणि शेतवस्ती (वेल्स)

वेल्समधल्या डोंगराळ भागात साधारण 16व्या ते 19व्या शतकात शेतकरी चुनखडी भाजून चुना शेतात टाकायचे, त्या भट्ट्या आणि त्यांच्या आसपासची विखुरलेली घरं, गोठे, झोपड्या यांच्याबद्दलची ही नोंद. वेल्श भाषेत चुनाभट्टीला 'ओदिन गाल्ख' म्हणतात. पाऊस भरपूर, जमीन आंबट (आम्लधर्मी), चुना तो आंबटपणा कमी करतो, त्यामुळे चुना टाकल्याशिवाय नवी जमीन लागवडीत आणणं कठीणच.

स्थानिक इतिहासकार जॉर्ज ओवेनने 1603 मध्ये नैऋत्य वेल्समधल्या पेम्ब्रोकशर परगण्याबद्दल लिहिताना शेतात चुना टाकण्याची माहिती दिलीय, म्हणजे तिथे तरी ही पद्धत तेव्हा रुजलेली होती. दक्षिण वेल्समधल्या ब्लॅक माउंटन डोंगरावरच्या हर्बर्ट्स क्वारी या चुनखडीच्या खाणीजवळ मात्र काळ ठरवणं अवघड आहे. तिथे उंच दगडी भट्ट्यांच्या आधीच्या, जमिनीत खणलेल्या लांबट भट्ट्यांचे खड्डे दिसतात, ते बहुधा 18व्या शतकातले किंवा थोडे आधीचे असावेत. वेल्समध्ये डोंगरावर एखाद्या लहान झोपडीचा पाया सापडला की तो 'हाव्होद', म्हणजे उन्हाळी गुराख्यांचा मुक्काम, असं म्हणायची सवय पडलीय, पण शेजारीच भट्टी असेल तर चुना भाजणाऱ्यांचा निवारा हे जास्त पटतं. झोपडीच्या आकारावरून काळ ठरत नाही, हे इथे विसरून चालत नाही.

भट्टीत चुनखडी आणि कोळशाचा चुरा थरावर थर भरायचे, सुमारे 900 अंश सेल्सिअसला दगडातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि 100 किलो शुद्ध दगडाचा जेमतेम 56 किलो कळीचा चुना उरतो. तो शेतात छोट्या ढिगांनी ठेवून वर माती लोटायची, ओलाव्याने विरून भुगा झाला की पसरायचा. उबेसाठी भट्टीच्या कडेला झोपलेली माणसं विषारी वायूने मेल्याचंही घडलंय, हे वाचून जीव कळवळतो.

चुना स्वस्त, पण गाडी घरी पोचेपर्यंत टोलनाक्यांवर त्याच्या किमतीपेक्षा जास्त पैसे जायचे. एव्हालवेन गावचा टोलनाका 1839 मध्ये फोडला गेला आणि 1843 पर्यंत रेबेका दंगली (टोलनाके फोडणाऱ्या शेतकऱ्यांचे उठाव) चालल्या, त्यामागचं हे एक मोठं कारण. 1844 च्या कायद्याने चुन्यावरचा टोल निम्मा झाला. पुढे रेल्वे आली, बाहेरची खतं आली, आणि शेतकऱ्यांच्या छोट्या भट्ट्या हळूहळू थंड पडल्या. हर्बर्ट्स क्वारीतलं काम मात्र 20व्या शतकातही काही काळ चालू होतं.